सप्रेस : सकर्मक क्रियापद

सोमवार, २ जून

आजपासून रोजनिशी. मागच्या दोन रोजनिश्या जानेवारीत सुरू होऊन जानेवारीतच वारल्या. चूक माझी नव्हे, जानेवारीची. जूनमध्ये माणूस गंभीर असतो.

निमित्तही तसेच. बाईंनी आज ‘सप्रेस’ माझ्याकडे सोपवला. बाई म्हणजे आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या मुख्य संपादक. गेली तीन वर्षे आम्ही सगळे ‘एस’ या अक्षरात राहतो आहोत. एक सहकारी ‘एस’मध्ये आले आणि ‘एस’मध्येच निवृत्त झाले. बाई म्हणाल्या, हा तुम्ही घ्या. कारण सांगितले नाही, पण मी ओळखले. अख्ख्या ऑफिसात भावनांवर ताबा असलेला माणूस एकच. ऑपरेटर म्हणतो, ज्यांच्याकडे तो शब्द होता ते रजेवर गेले म्हणून तुमच्या टेबलावर आला. ऑपरेटरला टायपिंग कळते, माणसे कळत नाहीत.

काम सोपे आहे. अर्थ लिहायचे, प्रत्येक अर्थाला एक उदाहरण जोडायचे. भानगड उदाहरणाची. बाईंचा नियम असा की उदाहरण शनिवारी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. ऐकणाऱ्यांनी डोळे मिटायचे. ज्याला चित्र दिसले नाही त्याने हात वर करायचा. एक जरी हात वर गेला तरी वाक्य पडले. ‘सूप’ या शब्दाला माझी चार वाक्ये पडली होती. तेव्हा लोकांना भूक लागलेली होती, मनःस्थिती बरोबर नव्हती.

अर्थ तीन. बंड वगैरे दडपणे. हसू, जांभई, शिंक, राग, रडू आवरणे. बातमी किंवा माहिती दडवणे. दुसरा अर्थ म्हणजे तर मीच. शनिवारपर्यंत फत्ते.

ता. क. : कन्येला नोकरी लागली. परगावी. बसने अख्खा दिवस लागतो. एकुलती एक आहे, पण बातमी ऐकून मला विशेष काही वाटले नाही, याची नोंद. सौ. म्हणाली, अहो, चहात तिसऱ्यांदा साखर घालताय.

मंगळवार, ३ जून

पहिले वाक्य बाईंना आधीच दाखवले. ‘सरकारने बंड दडपून टाकले.’ बाई म्हणाल्या, कुणाचं बंड? कुठलं सरकार? तुम्ही होतात तिथे? मी नव्हतो. बाई म्हणाल्या, मग ज्यात तुम्ही होतात असं काहीतरी लिहा.

रास्त आहे. ठरवले की या शब्दाचा अनुभव घेऊनच लिहायचे. जांभईपासून सुरुवात.

दुपारी बैठकीत संधी आली. विषय कागदाच्या जाडीचा होता. जांभई आली, मी ओठ घट्ट मिटून आत दाबली. ती नाकाकडे गेली. तिथून कानाकडे. कानात फट्‌ असा आवाज झाला आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी. बाईंनी कागदाची जाडी थांबवून विचारले, बरं नाही का? मी म्हटले, विषय हृदयस्पर्शी आहे.

ऑपरेटर नंतर म्हणाला, साहेब, तोंड तेवढं बंद होतं, बाकी सगळा चेहरा जांभई देत होता.

बुधवार, ४ जून

ऑफिसात असताना अनोळखी नंबरावरून फोन. कन्येच्या नोकरीच्या गावी राहणाऱ्या एक मावशी. त्या मुलींना खोल्या भाड्याने देतात. कन्येने चौकशी करताना पालक म्हणून माझा नंबर दिला होता. मावशी म्हणाल्या, खोली रिकामी झालीय, उजेड चांगला आहे, पुढच्या बुधवारपर्यंत हो-नाही कळवा, लेकीला तेवढं सांगा. मी म्हटले, हो हो, सांगतो ना.

घरी आलो. सांगणार होतो. पण कन्या न्हात होती आणि सौ.चा कुकर शिट्ट्या देत होता. शिट्ट्यांमध्ये महत्त्वाचे बोलू नये.

गुरुवार, ५ जून

शिंक. जिना उतरताना आली, दाबली. कमरेत उसण भरली. तीन पायऱ्या वाकूनच उतरलो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना वाटले मी त्यांना नमस्कार करतोय. त्यांनी भरल्या गळ्याने आशीर्वाद दिला. शिंक नंतर आलीच, आशीर्वादाच्या मध्यावर.

निरोप अजून सांगितलेला नाही. कन्या आज खुशीत होती. खुशीतल्या माणसाला व्यत्यय नको.

एक गोष्ट स्वतःपुरती स्पष्ट करून ठेवतो. बातमी दाबणे वेगळे आणि बातमी जरा जवळ ठेवून घेणे वेगळे. बुधवार लांब आहे.

शुक्रवार, ६ जून

बाईंना सुचवले की ‘सप्रेस’चा तिसरा अर्थ गाळावा. बातमी दडवणे वगैरे फार किरकोळ आहे. कोश आधीच जाड होतोय, कागदाच्या जाडीचा प्रश्न आहेच. बाईंनी चष्म्यावरून पाहिले. म्हणाल्या, किरकोळ? माणसं त्याच्यावर संसार करतात. अर्थ राहील, आणि त्याचं उदाहरणही तुम्हीच द्याल.

बाईंना माझ्याविषयी आकस आहे असे वाटते. ‘सूप’पासूनच.

संध्याकाळी मेहुणे आले, सौ.चे थोरले बंधू. पाय पसरून म्हणाले, दाजी, मुलीला एवढ्या लांब धाडायला छाती लागते, तुम्ही मवाळ माणूस, तुमचं काही खरं नाही. रागाने मस्तक भणाणले. पण प्रयोग आठवला. राग गिळला आणि हसलो. मेहुणे माझ्याकडे बघत राहिले. मग विचारले, दाढ दुखतेय का? जाताना एका दातांच्या डॉक्टरांचा पत्ता देऊन गेले.

फोन दिवसभर स्वयंपाकघरात चार्जिंगला राहिला. विसरलो होतो. एका अर्थी बरेच झाले. मावशींचा पुन्हा फोन आला असता तर बोलावे लागले असते.

शनिवार, ७ जून

वाचन. मी खर्जातल्या आवाजात वाचले : ‘लांबलेल्या सभेत त्याने मोठ्या कष्टाने जांभई आवरली.’ सगळ्यांनी डोळे मिटले. क्षणभराने पहिली जांभई आली ऑपरेटरला. मग हिशेबनीसांना. मग एकेक करून सगळ्या टेबलाला. शेवटी बाईंनाही. बाई म्हणाल्या, चित्र दिसलं, पण आवरलं कुणालाच नाही. वाक्य पडले.

माझ्या मते हे वाक्याचे यश आहे. असो.

रविवार, ८ जून

आज जे झाले ते लिहायचे नव्हते. लिहितो.

न्हाणीघराचा नळ सोडलेला होता. आत कन्या. पाण्याच्या आवाजाखाली दुसरा आवाज येत होता. कुणी तोंडावर हात दाबून धरला की येतो तसा, तुटक तुटक. मी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभा. दार वाजवावे तर काय म्हणावे? न वाजवावे तर पाय हलेनात. ती सात वर्षांची असताना गुडघा फुटला तरी मोठ्याने रडायची नाही, असाच आवाज काढायची. मी म्हणायचो, शाब्बास, वाघीण माझी. कशाला म्हणायचो कोण जाणे.

सौ. मागून आली. म्हणाली, तुम्ही काय करताय इथे? मी म्हटले, पाणी वाया जातंय. तिने टॉवेल माझ्या हातातून घेतला आणि दोरीवर टाकला. कोरडाच होता.

उद्या सांगतोच. सकाळी. चहाआधी.

सोमवार, ९ जून

चहाआधी सांगणार होतो. चहा लवकर झाला.

रात्री जेवताना कन्या म्हणाली, बाबा, खोलीचं काहीच कळत नाहीये. खोली नसेल तर कसं जाणार? नोकरीला नाही म्हणून कळवून टाकू का? आणि माझ्याकडे बघत राहिली. सौ.ही बघत होती. दोघींचे हात ताटात थांबलेले.

माझ्या तोंडात घास होता. तोंडात घास असताना बोलू नये हे मीच तिला शिकवले आहे. बापानेच नियम मोडले तर मुलांनी कुणाकडे पाहायचे? घास मी बराच वेळ चावला. वरणभातात चावण्यासारखे फारसे काही नसते, तरी चावला.

पानावरून उठल्याबरोबर ती न्हाणीघरात गेली. पुन्हा नळ. पुन्हा तोच आवाज, आज जास्तच. मी लांबच राहिलो. पण तिथूनही ऐकू येत होते.

मंगळवार, १० जून

आरशासमोर सराव केला. ‘बाळ, तुझ्या खोलीचा निरोप आला आहे.’ साधे वाक्य. अवघड शब्द एकही नाही. आरशाला चार वेळा सांगितले, आरशाने शांतपणे ऐकून घेतले.

मग तिच्या खोलीत गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एक निळा स्वेटर, शाळेतला, कोपरावर विरलेला, तिने बाजूला ठेवला, परत उचलला, परत ठेवला. मी तोंड उघडले. म्हणालो, तुझ्या पंख्याला तेल घालायला पाहिजे. ती म्हणाली, एवढंच का बाबा? मी म्हटले, सध्या एवढंच.

स्टुलावर चढून पंख्याला तेल घातले. पंखा आवाज करत नव्हता. आता करतो.

बुधवार, ११ जून

आज शेवटचा दिवस. मनात विचार आला, घरी सांगण्यापेक्षा मावशींनाच थेट ‘हो’ कळवून टाकावे. म्हणजे बातमी दाबली असे होणारच नाही, उलट वडिलांनी परस्पर व्यवस्था केली असे होईल. ऑफिसच्या जिन्यात उभा राहून फोन लावला. गडबडीत कोण बोलतोय ते सांगायचे राहिलेच, एकदम म्हटले, ती खोली आम्हाला हवी.

मावशी म्हणाल्या, अहो, ती खोली तर गेली. शुक्रवारीच. एका मुलीच्या आईने फोनवर पक्की केली.

मी जिन्यातच बसलो. बुधवारपर्यंत मुदत देऊन शुक्रवारी देऊन टाकतात, काय ही माणसे! हे वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिले. लागू पडले नाही. खोली मावशींनी घालवली नाही. मी घालवली. लेकीची पहिली नोकरी, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. का? तर ती गेल्यावर संध्याकाळी घरात शिरताना चपला दोनच जोड दिसतील म्हणून. एवढ्यासाठी.

ऑपरेटर जिना चढत होता. म्हणाला, साहेब, परत शिंक दाबली का? मी हो म्हटले.

गुरुवार, १२ जून

सांगितले नाही.

शुक्रवार, १३ जून

नाही.

शनिवार, १४ जून. दुपार.

वाचन. ‘सप्रेस’, अर्थ तिसरा. माझ्याकडे वाक्य नव्हते. कागद कोरा होता. बाई म्हणाल्या, वाचा. सगळ्यांनी डोळे मिटले. मी कोऱ्या कागदावरून वाचले :

‘मुलगी लांब जाऊ नये म्हणून बापाने तिच्या खोलीचा निरोप तिच्यापासून दडवून ठेवला.’

एकही हात वर गेला नाही. डोळेसुद्धा कुणी लवकर उघडले नाहीत. हिशेबनीसांची थोरली मुलगी परदेशात असते, ते तर डोळे मिटूनच बसून राहिले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, मंजूर. मग म्हणाल्या, त्या मुलीचं पुढं काय झालं?

तीन वर्षांत ‘एस’मधल्या कुठल्याही उदाहरणाचे पुढे काय झाले, हे बाईंनी विचारलेले नाही. मी म्हटले, बाई, उदाहरणात एवढंच असतं. बाई म्हणाल्या, घरी जा.

माझे पहिल्या फटक्यात मंजूर झालेले हे पहिलेच वाक्य. आनंद व्हायला हवा होता.

शनिवार, १४ जून. संध्याकाळ.

सांगितले. दारातच, चपला पायात असताना. सगळे एका दमात. मावशी, उजेड, बुधवार, जिना, खोली गेली, माझ्यामुळे गेली, मला माफ कर. वाक्ये कुठे सुरू झाली आणि कुठे संपली मला माहीत नाही.

कन्येने सौ.कडे पाहिले. सौ.ने कन्येकडे. मग सौ. म्हणाली, आवराआवर कर गं, माळा तुझ्याकडे लागला.

मला काही कळेना. हळूहळू कळले ते असे. शुक्रवारी माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता तेव्हा मावशींचा फोन आला होता. सौ.ने घेतला. खोली तिथल्या तिथे पक्की केली. शुक्रवारी खोली घेणारी ‘एका मुलीची आई’ म्हणजे माझी बायको. आठवडा झाला, दोघींनाही सगळे ठाऊक होते. तिकीट काढलेले होते. आणि दोघींनी ठरवले, हे स्वतःहून कधी सांगतात ते पाहू. ताकास तूर लागू द्यायची नाही. पैज लागली, हरेल त्याने माळा साफ करायचा. कन्या म्हणाली होती, बाबा दोन दिवसांत सांगतील, बाबांच्या पोटात काही राहत नाही. सौ. म्हणाली होती, आठवडा घेतील. पंचवीस वर्षांचा संसार आहे, आकडा बरोबर निघाला.

सोमवारी जेवताना नोकरी सोडण्याचे बोलली तेही नाटक. मला बोलते करायला.

मी विचारले, आणि न्हाणीघरातलं रडणं? कन्या म्हणाली, रडतंय कोण? हसत होते बाबा. तुम्ही वरणभात इतका वेळ चावत होतात! आणि ती तोंडावर हात ठेवून आत पळाली. पुन्हा नळ सुरू.

सौ. तिथेच उभी होती. माझी पिशवी हातातून घेत हळू आवाजात म्हणाली, सोमवारी हसत होती. रविवारी नाही.

या घरात बातमी दाबण्यात माझा नंबर तिसरा आला. स्पर्धक तीनच होते.

मंगळवार, १७ जून

उद्या सकाळची बस. सामान दारात. मोठी सुटकेस, खांद्याची सॅक, आणि एक मध्यम बॅग. त्या बॅगेत तिची उशी, चादर, टेबलावरचे गजराचे घड्याळ (ते उद्या सकाळी उठवून झाल्यावर) आणि तो निळा स्वेटर. बॅगेला छोटे कुलूप, किल्ली तिच्या पर्समध्ये.

उद्याचा बेत तयार आहे. डोळे कोरडे. आवाज खणखणीत. निरोपाला एक विनोद, तो पाठ केला आहे. ‘सप्रेस’च्या दुसऱ्या अर्थाचे उदाहरण अजून लटकलेले आहे. उद्याच्या अनुभवातून ते आपोआप मिळेल. बाईंना तसे सांगून ठेवले. बाई म्हणाल्या, घाई नाही.

बुधवार, १८ जून

संपूर्ण यश. अक्षरशः संपूर्ण.

स्टँडवर सौ.ला हुंदका आवरेना, मेहुणे तर उघड उघड नाक ओढत होते. छातीच्या गोष्टी करणारे हेच ते. मी एकटा खांबासारखा. कन्येने सुटकेस खाली डिकीत ठेवून घेतली, सॅक पाठीवर. माझ्या पाया पडली. मी म्हटले, खिडकीतून हात बाहेर काढू नकोस. पाणी पीत जा. पोचल्यावर फोन. आवाज जरासुद्धा कापला नाही. विनोद मात्र आठवला नाही, पण त्याची गरजही भासली नाही. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो? मी म्हटले, वाटायचं काय त्यात, येशील की. बस हलली. मी हात हलवला. डावा. वळणावरून बस दिसेनाशी झाली तरी डोळे कोरडे. खडखडीत.

मेहुणे म्हणाले, दाजी, मानलं तुम्हाला.

दोघे घरी चालत आलो. दारापाशी आल्यावर किल्ली काढायला उजवा हात खिशात घालू लागलो तर जाईना. हातात काहीतरी होते. बॅग होती. तिची. मध्यम.

सकाळी घरातून निघताना उचलली ती सोडलीच नव्हती. मी सौ.ला म्हटले, तू सांगायचंस ना. सौ. म्हणाली, मी बसकडे बघत होते. मग दोघेही बॅगेकडे बघत उभे राहिलो. बोटे कडीला अशी आवळली होती की सौ.ने एकेक करून सोडवली.

फोन केला. कन्या म्हणाली, माझ्या लक्षातच नाही आलं, मला वाटलं डिकीत गेली. जाऊ दे बाबा, पाठवून द्या. आज उशीशिवाय झोपेन. तिचा आवाज खणखणीत होता. माझ्यावरच गेली आहे.

गुरुवार, १९ जून. सकाळ.

साडेसहाला बॅग वाजली.

गजर लावलेला राहिला होता. रोज तिला नोकरीच्या परीक्षेच्या अभ्यासाला उठवणारे ते घड्याळ, त्याचा आवाज मेलेल्या माणसालाही उठवेल असा. मी धावत गेलो. कुलूप. किल्ली तिकडे. बॅगेवर माझी उशी टाकली. आवाज येतोच. उशीवर गादी टाकली, गादीवर मी आडवा झालो. पोटाखालून आवाज येतोच. सौ. दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, काय चाललंय हे? मी म्हटले, दाबतोय.

शेवटी तसाच पडल्या पडल्या कन्येला फोन लावला. ती झोपेतून उठली होती. म्हटले, तुझं घड्याळ थांबत नाही गं, काय करू? ती म्हणाली, काही करू नका बाबा. वाजू द्या. वाजून वाजून आपोआप थांबतं.

मग कुठून काय झाले कळले नाही. फोन कानाला तसाच राहिला आणि मला तोंडावर हातही नेता आला नाही. ती तिकडून बाबा, बाबा म्हणत होती. मग तीही थांबली. मग तिकडूनही तोच आवाज. या वेळी नळ नव्हता.

घड्याळ थोड्या वेळाने खरेच आपोआप थांबले. माझे अजून चालू आहे.

दुसऱ्या अर्थाचे उदाहरण बाकी. ते दुसऱ्या कुणाला द्यावे, असे बाईंना सुचवणार आहे. ऑफिसात फोन करून रजा कळवली. ऑपरेटरने कारण विचारले. म्हटले, डोळे आलेत.

सौ. म्हणते, साथच असावी, मलाही लागलीय.